१,१५,२०० की ३३,६००? बाहेरच्या मोडेमचे दोन वेग

विंडोज ९८ मध्ये डायल-अप, म्हणजे फोनच्या लाईनवरून इंटरनेटची जोडणी लागली की खाली उजव्या कोपऱ्यात दोन छोट्या संगणकांचं चित्र यायचं. त्यावर माऊस नेला की वेगाचा, म्हणजे सेकंदाला किती बिट याचा, आकडा दिसायचा, आणि पुष्कळ घरांत तो १,१५,२०० असायचा. मोडेमच्या, म्हणजे संगणकाचा डेटा फोनवरून जाणाऱ्या सुरांत बदलणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर मात्र छापलेलं असायचं ३३,६००, फार तर ५६,०००. मग हा दुप्पट-तिप्पट वेग आला कुठून? कुणी खूश व्हायचं, की आपल्या वाड्यावरची लाईन एकदम झकास. कुणाला संशय यायचा, आणि तो आकडा ‘दुरुस्त’ करायला ते कंट्रोल पॅनेलमध्ये शिरायचे नि बरी चाललेली जोडणी बिघडवून बाहेर यायचे.

आकडा खराच असतो. पण तो फोनच्या लाईनचा नसतो, टेबलावरच्या केबलचा असतो.

बाहेरचा मोडेम लावला की डेटाला दोन टप्पे पार करावे लागतात. पहिला टप्पा संगणकाच्या मागच्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टपासून मोडेमपर्यंत, म्हणजे एक-दोन मीटर. दुसरा मोडेमपासून भिंतीतल्या फोनच्या जोडापर्यंत, तिथून खांबावरून, माडांमधून, एक्स्चेंजमार्गे थेट पलीकडच्या मोडेमपर्यंत. पहिल्या टप्प्याचा वेग तुम्ही ठरवता. दुसऱ्याचा वेग दोन्ही टोकांचे मोडेम लाईन ऐकून आपसांत ठरवतात. सुरुवातीचा तो किंचाळण्याचा आणि खरखरण्याचा आवाज म्हणजे हीच बोलणी. मोडेम संगणकाच्या पोटात असला तर पहिला टप्पा डोळ्यांना दिसतच नाही, आणि पोटातल्या स्वस्त मोडेमांत तर सिरीयल पोर्ट नुसता सॉफ्टवेअरने भासवलेला असतो. बाहेरच्या मोडेमचा मला आवडणारा गुण हाच, की सगळं टेबलावर उघडं असतं.

हे दोन वेग एकमेकांत मिसळले त्याला जुनं कारण आहे. १९८१ च्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमसारख्या यंत्रांत दोन्ही वेग खरोखरच एक होते. लाईनवर सेकंदाला ३०० बिट, तर केबलवरही ३००. मोडेमच्या आत डेटा साठवून ठेवायला जागाच नव्हती, इकडून आलेला बिट तसाच तिकडे जायचा. पुढे चुका सुधारणारं व्ही. ४२ आणि डेटा आवळणारं व्ही. ४२ बिस ही प्रमाणं आली, मोडेमला स्वतःची स्मृती मिळाली आणि दोन वेगांची फारकत झाली. सॉफ्टवेअरमधल्या काही खुणा मात्र जुन्या काळातल्याच राहिल्या. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कमाल वेगाखाली ‘फक्त याच वेगाने जोडा’ अशी एक चौकट असते, ती त्यातलीच. तिच्यावर टिचकी मारू नका.

पहिला वेग दुसऱ्यापेक्षा जास्तच हवा, का ते बघू. व्ही. ४२ बिस साधा मजकूर चांगल्यापैकी आवळतं; कागदावर त्याची मर्यादा एकास चार. २८,८०० च्या चौपट किती? बरोबर १,१५,२००. लाईनवरून आलेला मजकूर मोडेममध्ये फुगून मूळ आकाराचा होतो, आणि तो संगणकाला द्यायला केबल तेवढी रुंद लागते. पोर्ट ३८,४०० वर ठेवला तर हा फायदा मोडेमच्या दारातच अडतो. मजकूर नसलेल्या गोष्टींची गत वेगळी. झिप फाईल किंवा जेपेग चित्र आधीच आवळलेलं असतं, त्यातून आणखी काही निघत नाही.

उलट दिशेला, म्हणजे संगणक भराभर पाठवतो आणि लाईन हळू नेते तेव्हा, गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यासारखी स्थिती होते. रस्त्यावरून गाड्या कितीही वेगात येवोत, चोडण बेटाला जाणारी फेरीबोट भरली की कुणीतरी हात वर करून त्यांना थांबवावंच लागतं. केबलमध्ये हे काम आरटीएस आणि सीटीएस या दोन तारा करतात. मोडेमची स्मृती भरत आली की सीटीएसची तार खाली जाते आणि संगणक थांबतो. याला हार्डवेअर फ्लो कंट्रोल म्हणतात आणि तो चालू असायलाच हवा. सॉफ्टवेअरचा पर्याय, एक्सऑन-एक्सऑफ, इथे नको: तो ‘थांब’ आणि ‘चल’ सांगायला दोन अक्षरसंकेत वापरतो, आणि फाईलमध्ये तेच संकेत डेटा म्हणून आले की गोंधळ उडतो.

एक ओळखीची तक्रार इथली आहे. पानं उघडतात, चार ओळींचं मेल जातं, पण फोटो जोडलेलं मेल अर्ध्यावर लटकतं. सगळे लाईनला दोष देतात. मी आधी केबल बघेन. काही स्वस्त केबलींत तीनच तारा जोडलेल्या असतात: पाठवायची, घ्यायची आणि जमिनीची. हात वर करणारा माणूसच त्यात नाही. दोन संगणक एकमेकांना जोडायची नल-मोडेम केबलही दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यात तारा उलटसुलट केलेल्या असल्याने मोडेम अजिबात उत्तर देत नाही. मोडेमला सरळ केबल लागते: संगणकाकडे बहुधा नऊ पिना, मोडेमकडे पंचवीस. संगणकाच्या मागे पंचवीस भोकांचा जो रुंद पोर्ट असतो तो प्रिंटरचा, तिथे मोडेम खुपसू नका.

पोर्टचा वेग नेहमी १,१५,२०० वरच ठेवावा का? जवळजवळ नेहमी. अपवाद फार जुन्या संगणकाचा. सिरीयल पोर्टमागे यूएआरटी नावाची चिप असते. ८२५० आणि १६४५० या चिपांत आलेला एकच बाईट थांबू शकतो. १६५५०ए मध्ये १६ बाईट थांबतात. १,१५,२०० वेगाने दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवा बाईट येऊन ठेपतो, कारण आठ बिटांच्या पुढेमागे एकेक जादा बिट लागून केबलवर एका बाईटचे दहा बिट होतात. एकाच बाईटची जागा असेल तर संगणक दुसऱ्या कामात गुंतला की पुढचा बाईट आधीच्याच्या डोक्यावर येऊन बसतो. अशा यंत्रावर १९,२०० किंवा ३८,४०० बरा. विंडोज ९८ च्या मोडेम डायग्नोस्टिक्समध्ये पोर्ट निवडून अधिक माहिती मागितली की चिपचं नाव दिसतं.

मोडेमच्या बाजूला मात्र हा वेग कुठेही भरावा लागत नाही. तुम्ही ए आणि टी ही दोन अक्षरं पाठवलीत की त्यांच्या बिटांच्या लांबीवरून मोडेम पोर्टचा वेग ओळखतो. मोडेमला द्यायची जवळजवळ प्रत्येक आज्ञा ‘एटी’नेच सुरू व्हायला हे एक चांगलं कारण. मोडेमशी थेट बोलायचा विंडोजमधला प्रोग्राम, हायपरटर्मिनल, उघडा, एटी टाइप करा. ‘ओके’ आलं की पहिला टप्पा ठीक. काहीच आलं नाही किंवा चमत्कारिक चिन्हांची रांग आली तर बिघाड टेबलावर आहे, फोनच्या लाईनला त्यात ओढू नका.

आता दुसरा वेग. त्याचा आकडा ओळखायची मला सगळ्यात भरवशाची वाटणारी खूण म्हणजे आकड्याची ठेवण. पोर्टचे वेग १,१५,२०० ला पूर्ण संख्येने भागून मिळतात: ५७,६००, ३८,४००, १९,२००. ३३,६०० च्या मोडेमांचं प्रमाण व्ही. ३४; असा मोडेम लाईनवर २,४०० च्या पायऱ्यांनी चढतो-उतरतो, म्हणून ३३,६००, ३१,२००, २८,८००, २६,४००. ५६ के, म्हणजे ५६,००० च्या मोडेमांच्या व्ही. ९० या प्रमाणात पायरी असते ८,००० भागिले ६, म्हणजे १,३३३ आणि थोडं. त्यामुळे ४४,०००, ४५,३३३, ४९,३३३ असे विचित्र आकडे दिसतात. ४५,३३३ दिसला तर डोळे मिटून समजा, तो लाईनचाच. फसवा आकडा ५७,६००: तो ५६ के मोडेमचा जरा जास्तच चांगला वेग वाटतो, पण पोर्टचा असतो. १९,२०० आणि ९,६०० मात्र दोन्हीकडे असू शकतात, तिथे ही खूण चालत नाही.

पडद्यावर पोर्टचा आकडा येतो तो मोडेम ‘कनेक्ट’ म्हणताना तोच कळवतो म्हणून. रॉकवेल कंपनीच्या चिपवर चालणाऱ्या मोडेमांना ‘एटी डब्ल्यू २’ ही आज्ञा दिली की ते लाईनचा वेग सांगू लागतात. ती मोडेम प्रॉपर्टीजच्या प्रगत भागातल्या जादा सेटिंगच्या रकान्यात लिहायची. त्याहून बरं म्हणजे मोडेमचा स्वतःचा ड्रायव्हर घालायचा. विंडोजच्या ‘स्टँडर्ड मोडेम’वर काम भागवलं की हा १,१५,२०० हमखास दिसतो.

आज्ञा द्यायच्या नसतील तर घड्याळ आहेच. एक एमबीची झिप फाईल १,१५,२०० ने यायला दीड मिनिट लागेल. ३३,६०० ने चार मिनिटांहून थोडं जास्त.

५६ के च्या मोडेमला ५६ का मिळत नाही, याचंही उत्तर दुसऱ्या टप्प्यात आहे. व्ही. ९० हे प्रमाण १९९८ चं, आणि त्याची अट अशी की इंटरनेट कंपनीचं टोक थेट डिजिटल असावं, म्हणजे कंपनीपासून तुमच्या घरापर्यंत डिजिटलचं ॲनालॉग एकदाच व्हावं. तुमच्याकडून वर जाणारा वेग तेव्हाही ३३,६०० च्या वर जात नाही. वाटेत ऑफिसचं किंवा हॉटेलचं ॲनालॉग लाईनवर चालणारं डिजिटल खाजगी एक्स्चेंज आलं, तर रूपांतर दोनदा होतं आणि खाली येणारा वेगही तिथेच अडकतो. कळंगुटच्या खोलीत ५६ के लॅपटॉप उघडून बसलेल्या कित्येक पाहुण्यांनी याचा राग उगाच हॉटेलवाल्यावर काढला असेल.

बाकी सगळं लाईनच्या तब्येतीवर. आपल्याकडे जून लागला की तारांच्या जोडांत पाणी शिरतं, खाऱ्या हवेने तांबं आधीच काळवंडलेलं असतं, त्यात झावळ्या तारेला घासतात. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि ऐका. खरखर किंवा गुणगुण कानाला जाणवली तर मोडेमला ती कितीतरी जास्त जाणवते. तो मध्येच डेटा थांबवून लाईन पुन्हा जोखतो, तेव्हा जोडणी असल्याचा सीडी दिवा पेटलेला राहतो पण पाठवण्या-घेण्याचे दिवे काही सेकंद गप्प होतात. हे वारंवार होत असेल तर वरची पायरी आपणहून सोडलेली बरी. रॉकवेलच्या चिपांवर ‘एटी प्लस एमएस बरोबर ११, १, ३००, २८८००’ म्हटलं की मोडेम व्ही. ३४ च्या पुढे आणि २८,८०० च्या वर जात नाही. इतर चिपांची आज्ञा मोडेमच्या पुस्तिकेत असते. टिकून राहिलेले २८,८०० दर पाच मिनिटांनी तुटणाऱ्या ४५,३३३ पेक्षा लवकर पोचवतात. यासाठी पोर्टचा वेग कमी करायचा सल्ला देणारे भेटतील. त्याने लाईनवरच्या खरखरीत तसूभरही फरक पडत नाही.

लाईनमनशी बोलतानाही टप्पे लक्षात ठेवावे. “दादा, नेट स्लो आहे,” म्हटलं की तो संगणकवाल्याकडे बोट दाखवणार, आणि त्याचं फारसं चुकतही नाही. “दादा, बोलताना खरखर येते, जरा ऐकून बघा,” म्हटलं की तो खांबावर चढतो.

विजा चमकू लागल्या की फोनची तार आणि अडॅप्टर दोन्ही काढा. लाईनवरून आलेला झटका मोडेम जाळून सिरीयल केबलवाटे मदरबोर्डपर्यंत पोचू शकतो. अडॅप्टर हरवला असेल तर नवा आणताना मोडेमच्या पोटाखालची खूण वाचा. अनेक मोडेमांना नऊ व्होल्टचा एसी अडॅप्टर लागतो, डीसी नव्हे, आणि दोघांची पिन सारखी असू शकते.

चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून असा मोडेम उतरला असेल, तर पहिला टप्पा आजही सहज जुळतो. यूएसबीचा सिरीयल अडॅप्टर घ्या, लिनक्सवर तो बहुधा ‘टीटीवाययूएसबी०’ या नावाने दिसतो, हायपरटर्मिनलसारखा मिनीकॉम उघडा, एटी टाका. अडॅप्टर १,१५,२०० च्या वरचेही वेग दाखवेल, त्याचा इथे उपयोग नाही.

अडतं ते दुसऱ्या टप्प्यावर. फायबरच्या डब्याला जोडलेल्या फोनमध्ये आवाजाची पाकिटं होऊन जातात. कानाला ते कळत नाही, पण मोडेमचे सूर त्यात विस्कटतात आणि जोडणी लागली तरी टिकत नाही. नुसती हौस भागवायची असेल तर दोन-चार एक्स्टेन्शनचं छोटं ॲनालॉग इंटरकॉम एक्स्चेंज पुरतं. एका एक्स्टेन्शनवर एक मोडेम, दुसऱ्यावर दुसरा. दुसऱ्याला ‘एटी एस० बरोबर १’ म्हणून ठेवलं की तो पहिल्या घंटीला फोन उचलतो. पहिल्याला ‘एटी एक्स ३’ द्या, म्हणजे इंटरकॉमचा वेगळा डायल टोन ओळखता आला नाही तरी तो अडून बसणार नाही, आणि मग ‘एटीडीटी’च्या पुढे एक्स्टेन्शनचा आकडा. दोन्ही खोक्यांवर ५६ के छापलेलं असलं तरी इथे ३३,६०० च्या वर जाता येत नाही, कारण डिजिटल टोक कुणाकडेच नाही.