चंद्रावरचा प्लॉट: नोंद कोणता तलाठी करणार?

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चंद्रावर एक एकर घेऊन दिल्याची बातमी अधूनमधून फिरत येतेच. सोबत फ्रेम केलेलं प्रमाणपत्र, नकाशा, कधी अक्षांश-रेखांशही. कागद भिंतीवर शोभतो, पण मालकी देत नाही.

हा धंदा १९८० पासूनचा. अमेरिकेतल्या डेनिस होप यांनी पळवाट काढली: १९६७ च्या बाह्य अवकाश करारात मनाई देशांना आहे, व्यक्तींना नाही. कलम २ सांगतं, की हक्क सांगून, वापर करून, ताबा घेऊन किंवा आणखी कुठल्याही मार्गाने चंद्र कोणत्याही देशाचा होणार नाही. होप यांचं वाचन बहुधा इथेच थांबलं. कलम ६ नुसार खासगी मंडळी अवकाशात जे करतील त्याला त्यांच्या देशाची परवानगी आणि सततची देखरेख लागते, जबाबदारीही देशाचीच. आणि जी जमीन कुठल्याच सरकारच्या हद्दीत नाही, तिचा सातबारा निघणार कुठून?

झेंडा रोवला त्याच वर्षी, १९६९ मध्ये, अमेरिकेच्या संसदेने कायद्यात लिहून ठेवलं की हा मालकीचा दावा नाही. चांद्रयान-३ उतरलं त्या जागेचं आपलं 'शिवशक्ती'ही फक्त नाव आहे.

खरी भानगड आहे ती खणून काढलेल्या बर्फाची आणि खनिजांची. अमेरिकेचा २०१५ चा कायदा ती काढणाऱ्या अमेरिकी कंपनीची मानतो. भारताने २१ जून २०२३ ला सही केलेला, चंद्रावरच्या मोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेला आर्टेमिस करारही म्हणतो, की उत्खनन केलं म्हणून आपोआप जमिनीवर हक्क सांगितला असं होत नाही. रशिया आणि चीनने मात्र त्यावर सही केलेली नाही.