फिट थांबवणारं औषधच फिट वाढवतं तेव्हा

सहा महिन्यांचं बाळ. सकाळी लस देऊन आणलेलं, रात्री ताप चढतो आणि एका बाजूचे हातपाय उडायला लागतात. तापात येणारी साधी आकडी बहुतेकदा पाच मिनिटांच्या आत थांबते. ही अर्धा तास थांबत नाही. महिन्याभरात पुन्हा येते, या वेळी दुसऱ्या बाजूला. मग कधी अंघोळीच्या कढत पाण्यानेही. एमआरआय काढला तर तो नॉर्मल.

फ्रेंच डॉक्टर शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. आज हा आजार ड्राव्हे सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. साधारण पंधरा-सोळा हजार मुलांत एखाद्याला होणारा, म्हणजे दुर्मीळच. पण औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात (वारंवार फिट येण्याच्या आजारात) औषध निवडायचं कसं, हे त्याच्याइतकं स्पष्ट क्वचितच दुसरा आजार दाखवतो.

'दाद न देणारा' कधी म्हणायचं याचा नियम ठरलेला आहे: योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर. यामागे अनुभव आहे. ग्लासगोतल्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्वी औषध न घेतलेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांच्या फिट्स पहिल्याच औषधाने थांबल्या. दुसऱ्या-तिसऱ्या औषधाने त्यात जेमतेम १४ टक्क्यांची भर पडली. (त्यात मुलांबरोबर मोठी माणसंही होती.) म्हणून दोन औषधं हरली की तिसरं चढवण्याआधी विचारायचा प्रश्न असा, की मुळात हा अपस्मार कोणता?

ड्राव्हेच्या बाळाला अर्ध्या अंगाची फिट येते. तशा फिटवर कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन देणं एरवी अगदी रास्त. ही औषधं मेंदूतल्या पेशींचे सोडियमचे मार्ग अडवतात आणि विजेचा भडका शमवतात. इथे मात्र फिट्स वाढतात. असं का होतं, याचा पहिला धागा २००१ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांच्या हाती लागला: या मुलांच्या एससीएन१ए या जनुकात बिघाड होता आणि त्यामुळे एका प्रकारचे सोडियम मार्ग आधीच निम्म्यावर आलेले होते. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की हे मार्ग मुख्यतः इतर पेशींना आवरणाऱ्या पेशींना लागतात. गाडीचा ब्रेकच अर्धा लागतोय आणि आपण औषधाने तोही सैल करतोय, असा हा प्रकार. फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिनचीही तीच गत.

जनुक कळल्यावर आणखी एक गैरसमज सुटला. लसीमुळे मेंदूला इजा झाली असं ज्यांच्याबाबत मानलं गेलं होतं, अशा १४ जणांची ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जनुकीय तपासणी केली. त्यातल्या ११ जणांत हाच बिघाड निघाला. लसीच्या तापाने पहिली फिट थोडी लवकर आली असेल, पण आजार जन्मापासूनचा होता.

मग द्यायचं काय? बहुतेक ठिकाणी सुरुवात व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझामने होते. जोडीला स्टिरिपेंटॉल. फ्रान्समधल्या छोट्या चाचणीत त्याने २१ पैकी १५ मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी केल्या; तुलनेसाठी खोटं (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) औषध घेणाऱ्या २० मुलांत तसा फरक एकालाच पडला. मात्र स्टिरिपेंटॉलमुळे क्लोबाझामचं रक्तातलं प्रमाण वाढतं. मूल दिवसभर पेंगायला लागलं, तर क्लोबाझामची मात्रा कमी करावी लागते.

सगळ्यात अजब कथा फेनफ्लुरामिनची. वजन कमी करायची ही गोळी हृदयाच्या झडपा खराब करते म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून टाकली. बेल्जियममधले काही डॉक्टर मात्र फिट्सच्या मोजक्या मुलांना ती कमी मात्रेत देत होते, आणि त्यांच्या नोंदी टाकून देण्यासारख्या नव्हत्या. पुढे रीतसर चाचण्या झाल्या आणि २०२० मध्ये अमेरिकेत तीच गोळी ड्राव्हेसाठी द्रव रूपात मंजूर झाली. तेव्हाची मोठी अट: सुरू करण्याआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी हृदयाची टूडी इको.

एवढं करूनही फिट्स पूर्ण थांबणारी मुलं थोडीच. लांबलेली फिट मोडणं हेच मोठं उद्दिष्ट. म्हणून घरात मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे हवा. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं. पाच मिनिटं झाली की डॉक्टरांनी आखून दिलेल्या मात्रेत स्प्रे द्यावा आणि दवाखाना गाठावा. आणि हा लेख वाचून चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. अचानक बंद केलेली गोळीही फिट आणते.

ही सगळी औषधं फिट आवरतात, जनुकातला बिघाड तसाच राहतो. आता पाठीच्या कण्यातून द्यायच्या एका इंजेक्शनच्या चाचण्या चालू आहेत. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि या मुलांची एक प्रत शाबूत असते. तिच्याकडूनच सोडियम मार्गांचं प्रथिन जास्त बनवून घ्यायचं, अशी ती कल्पना आहे.