एका ‘ऱ’पायी गेलेली दुपार आणि फाइल पाथची जुनी दुखणी

मागच्या पावसाळ्यात ऐरोलीच्या ऑफिसात अख्खी दुपार एका फाइलने खाल्ली. नाव काय, तर ‘कर्मचाऱ्यांची यादी’. फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसतेय आणि पायथन भाषेतला आमचा प्रोग्रॅम म्हणतोय अशी फाइलच नाहीये. आमच्यातल्या एकाच्या जुन्या मॅकवरून ती लिनक्स सर्व्हरवर आलेली. शेवटी नावाचे बाइट मोजले तेव्हा कळलं, की कोडमधला ‘ऱ’ ३ बाइटचा आणि फाइलमधला ६ बाइटचा, म्हणजे र वेगळा आणि त्याखालचा नुक्ता, म्हणजे टिंब, वेगळा. दिसायला मात्र सेम टू सेम.

मॅकची जुनी फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, नावातली अशी अक्षरं फोडूनच साठवायची. (२०१७ला एपीएफएस आली, ती दिलंय तसं ठेवते.) लिनक्सला अक्षरबिक्षर कळत नाही, त्याला नाव म्हणजे नुसते बाइट, फक्त / आणि शून्य बाइट नको.

पण पाथची, म्हणजे फाइलच्या पत्त्याची, बाकी दुखणी याहून जुनी आहेत. पत्त्यातले फोल्डर वेगळे दाखवायला युनिक्सने सुरुवातीपासून / घेतला. १९८१चा डॉस, म्हणजे विंडोजचा पूर्वज, आला तेव्हा त्यात फोल्डरच नव्हते आणि कमांडचे ऑप्शन द्यायला / वापरात होता, मग १९८३ला डॉस २.०मध्ये फोल्डर आले तेव्हा / अडकलेला, म्हणून उलटा \ घेतला, आणि तो आजपर्यंत आपल्या गळ्यात आहे. फोल्डर नव्हते म्हणून कॉन (कीबोर्ड-स्क्रीन), नल (दिलेलं सगळं फेकून देणारं), पीआरएन (प्रिंटर) ही डिव्हाइसची नावं कुठूनही चालायची, पुढे फोल्डर आले तरी जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ती प्रत्येक फोल्डरमध्ये चालूच ठेवली. म्हणून विंडोजवर वर्षानुवर्षं ‘नल’ नावाची फाइल बनवता येत नव्हती.

हे सगळं ओझं पायथनच्या ओएस डॉट पाथवर, म्हणजे पाथ हाताळणाऱ्या कोडवर, येऊन पडलं. आत खरं तर दोन वेगळे मॉड्यूल आहेत, एक युनिक्सवाल्यांचा, एक विंडोजवाल्यांचा. त्यातला पाथचे तुकडे जोडणारा जॉइन नव्या पोराला हमखास पाडतो: दुसरा तुकडा / ने सुरू झाला की पहिला गुपचूप गायब! लॉजिक फोल्डर बदलायच्या सीडी कमांडचंच, पण युजरने टाइप केलेलं नाव थेट जॉइनला दिलं तर तयार झालेला पाथ आपल्या फोल्डरच्या बाहेर जाऊन बसतो. डॉटने सुरू होणाऱ्या बॅशआरसीसारख्या फाइलचं तर अख्खं नावच एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटच्या .txtसारखं) धरलं जायचं, ते पायथन २.६मध्ये सुधारलं.

पाथ नुसता मजकूर न ठेवता त्याला स्वतःचा ऑब्जेक्ट द्यायचा पहिला प्रस्ताव नाकारला गेला, मग ३.४मध्ये, २०१४ला, पाथलिब हे मॉड्यूल आलं. ते पाथमधले दोन डॉट (‘एक फोल्डर वर जा’) आपोआप कापत नाही. लोक कुरकुरतात, मला ते बरोबर वाटतं, कारण मधला फोल्डर सिम्लिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारा) असेल तर कापल्यावर भलत्याच जागी पोचाल. आणि विंडोजवर एकाच स्लॅशने सुरू होणारा पाथ अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे पूर्ण पत्ता, नाही (ड्राइव्ह कुठला ते कुठे सांगितलंय?), हे ओएस डॉट पाथने मान्य केलं ते थेट ३.१३मध्ये, २०२४ला.

‘ऱ’चं मात्र ओएस डॉट पाथ आणि पाथलिब दोघंही काही करत नाहीत. आम्ही तुलना करायच्या आधी दोन्ही नावं एनएफसीमध्ये, म्हणजे अक्षरं जोडलेल्या रूपात, आणतो. फाइलचं नाव बदलून टाकावं म्हटलं, तर अकाउंट्सवाल्यांच्या स्क्रिप्टमध्ये तेच फुटकं नाव कॉपी-पेस्ट केलेलं निघालं, त्यामुळे ते आहे तसंच ठेवलंय.