घोडे दिसतात की ऐकू येतात?

"शेक्सपिअरचा 'हेन्री पाचवा' बघायचाय, कुठला बघू?" असं कुणी विचारलं, की मी उलट विचारते, नाटक बघायचंय की सिनेमा? समोरचा बुचकळ्यात पडतो. बघायचं पडद्यावरच, मग फरक काय? एरवी नाटकाची सीडी आणि नाटकावरून काढलेला सिनेमा यांत कुणी गोंधळत नाही. इथे मात्र संवाद तेच, चिलखतंही तशीच.

२०१२ सालचे दोन हेन्री घ्या. लंडनच्या ग्लोबमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या काळातल्यासारख्या बांधलेल्या नाट्यगृहात, जेमी पार्करचा, प्रेक्षकांसमोरचा प्रयोग कॅमेऱ्यांनी टिपलेला. आणि बीबीसीच्या 'द हॉलो क्राउन' मालिकेत टॉम हिडलस्टनचा, सिनेमासारखा लोकेशनवर चित्रित केलेला.

नाटक इंग्लंडच्या हेन्री राजाने फ्रान्सवर केलेल्या स्वारीचं. ते सुरू होताना कोरस, म्हणजे आपला सूत्रधारच म्हणा, येऊन चक्क माफी मागतो. या लाकडी गोलात फ्रान्सची रणांगणं कशी मावणार? आम्ही घोड्यांचं बोललो की घोडे तुम्ही डोळ्यांसमोर आणा. ग्लोबमध्ये लाकडी गोल खरोखरच आहे, पटांगणात लोक उभे आहेत आणि घोडा एकही नाही. माफी शोभते. सिनेमात घोडे दौडताहेत, मग माफी कशाची? त्यामुळे प्रत्येक दिग्दर्शकाला इथे काहीतरी युक्ती काढावी लागते. 'हॉलो क्राउन'मध्ये जॉन हर्टचा नुसता आवाज येतो. तो कुणाचा, हे शेवटी कळतं. केनेथ ब्रानाच्या १९८९ च्या सिनेमात डेरेक जेकबी अंधारात काडी ओढतो, मग दिवे लागतात आणि दिसतो तो रिकामा स्टुडिओ.

खरा चकवा लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४४ च्या सिनेमाचा. सुरुवातीला शेक्सपिअरच्या काळातलं जुनं ग्लोब, गलका करणारे प्रेक्षक, आणि प्रवेशाआधी विंगेत घसा खाकरणारा राजा. वाटतं, नाटकच टिपलंय. पण ते ग्लोब म्हणजे सेट आणि प्रेक्षक म्हणजे एक्स्ट्रा. पुढे लढाई येते ती थेट आयर्लंडच्या माळावर. महायुद्धाच्या काळात लोकांचा धीर वाढवायला काढलेला सिनेमा, म्हणून हेन्रीने तीन फितुरांना मारायला पाठवल्याचा प्रसंगही गाळलेला. अर्थात कात्री रंगभूमीवरही चालते. टिपलेला प्रयोग म्हणजे अख्खी संहिता, असं समजू नका.

माझ्या मते फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो लढाईआधीच्या भाषणात. हिडलस्टन ते जवळच्या चार-पाच जणांशी, जवळजवळ खासगीत बोलतो आणि कॅमेरा चेहऱ्याला चिकटून राहतो. ग्लोबमध्ये तेच बोलणं पटांगणातल्या गर्दीवर जातं आणि तिकीट काढून आलेली माणसं फुकटात सैन्य होतात. आवाज मात्र शेवटच्या रांगेच्या हिशेबाने लावलेला असतो. क्लोजअपमध्ये तो कधी कधी ओरडल्यासारखा वाटतो, हे खरंय. शिवाय कुणाकडे बघायचं ते कॅमेराच ठरवतो; कोपऱ्यात मुकाट ऐकणारा सरदार आपल्याला मिळत नाही.

या दोन्हींत न बसणारं तिसरंही एक आहे, स्टुडिओतलं. १९६० मध्ये बीबीसीने आठ ऐतिहासिक नाटकं 'अॅन एज ऑफ किंग्ज' नावाने पंधरा भागांत दाखवली, तीही लाइव्ह. प्रेक्षक नाहीत आणि मोकळं रानही नाही.

समोर काय लागलंय ते तरीही कळेना, तर शेवटापर्यंत थांबा. ग्लोबमध्ये प्रयोग संपला की मेलेले आणि जगलेले सगळे एकत्र येऊन नाचतात.