आधी पंतप्रधानपद, मग निवडणूक: निकोलाए योर्गा यांच्या राजकारणाची पार्श्वभूमी

18 एप्रिल 1931 रोजी इतिहासकार निकोलाए योर्गा रुमानियाचे पंतप्रधान झाले. त्यांचा पक्ष तेव्हा इतका लहान होता की स्वबळावर सरकार बनवण्याचा प्रश्नच नव्हता. जूनमध्ये निवडणूक झाली आणि त्यांच्या आघाडीला 387 पैकी 289 जागा मिळाल्या. पुढच्या वर्षी जुलैत, सत्ता गेल्यावर, त्यांच्या पक्षाच्या उमेदवारयादीला दोन टक्क्यांच्या आसपास मते पडली. विद्वान, हट्टी, कोणाचे न ऐकणारा माणूस, असे सांगून या चढउताराचा उलगडा करण्याची रीत आहे. स्वभाव तसा होताच, पण खरी मेख निवडणूक कायद्यात आणि राजाच्या अधिकारात होती.

1923 च्या राज्यघटनेनुसार मंत्र्यांना नेमणे आणि काढणे राजाच्या हाती होते. प्रत्यक्षात क्रम असा असे: राजा आधी पंतप्रधान नेमी, संसद विसर्जित होई आणि नवे सरकार आपल्याच देखरेखीखाली निवडणूक घेई. जिल्ह्यांचे प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेले जिल्हाप्रमुख, गृहखात्याचे, पोलीसही त्यांचेच. त्यात 1926 च्या कायद्याने भर घातली. देशभरात 40 टक्के मते मिळवणाऱ्या पहिल्या यादीला निम्म्या जागा बक्षीस मिळत, आणि उरलेल्या निम्म्यांतही मतांच्या प्रमाणात वाटा मिळे. दोन टक्क्यांखालच्या याद्या बाद. योर्गांच्या आघाडीला सुमारे 48 टक्के मते होती. म्हणजे 193 जागा बक्षिसाच्या, उरलेल्या 194 मधल्या साधारण 93, आणि बाद झालेल्या याद्यांमुळे वाढलेल्या दोन-चार. हिशेब 289 च्या जवळ येतो तो असा.

या यंत्राची ताकद आधीच दिसली होती. लिबरल पक्षाला 1926 मध्ये विरोधात असताना 7 टक्के मते होती, 1927 मध्ये सत्तेत असताना 60 हून अधिक. त्याच वर्षभरात, 1926 ची निवडणूक सत्तेत राहून लढवलेला जनरल आवेरेस्कु यांचा पक्ष 52 टक्क्यांवरून दोनच्या खाली आला. एका वर्षात मतदाराचे मन इतके पालटत नाही, पालटला होता तो प्रीफेक्ट. सरकारी यादीला 40 टक्के गाठता आले नाहीत असे पहिल्यांदा घडले ते थेट डिसेंबर 1937 मध्ये.

योर्गा मात्र राजवाड्याच्या दारातून राजकारणात आलेले नव्हते. बोतोशान गावी 1871 साली जन्म, याश विद्यापीठाचा अभ्यासक्रम एका वर्षात पुरा, लाइपझिगची डॉक्टरेट 1893 ची आणि पुढच्याच वर्षी बुखारेस्ट विद्यापीठात अध्यापन. मार्च 1906 मध्ये राजधानीच्या नॅशनल थिएटरमध्ये उच्चभ्रूंनी फ्रेंच नाटकांचा प्रयोग ठरवला, तेव्हा योर्गांच्या भाषणाने पेटलेले विद्यार्थी रस्त्यावर आले आणि दंगल झाली. त्याच वर्षी त्यांनी ‘नेआमुल रोमनेस्क’ हे नियतकालिक काढले. 1907 मध्ये शेतकऱ्यांचे बंड सैन्याने चिरडले. योर्गांनी शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि त्याच साली ते संसदेत पोचले. 1908 पासून वलेनी दे मुंते या गावी त्यांची उन्हाळी व्याख्याने सुरू झाली. हंगेरीच्या राज्यातल्या ट्रान्सिल्व्हेनियातून तरुण तिथे येत. पक्षाची शाखा म्हणावी असे त्यांच्याजवळ जे काही होते ते हेच.

पक्षाची स्थापना 1910 ची, ए. सी. कुझा या ज्यूविरोधी राजकारण्याबरोबर. नाव नॅशनॅलिस्ट डेमोक्रॅटिक पक्ष, आणि कार्यक्रमात ज्यूविरोध ठळक. योर्गांचे चाहते या भागावरून घाईने पुढे सरकतात, पण तसे करून चालत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ते कुझांपासून वेगळे झाले आणि त्यांचा सूरही बदलला. पण जी भाषा त्यांनी प्रतिष्ठित केली होती ती पुढच्या पिढीने उचलली आणि शेवटी त्यांच्याच अंगावर आणली.

युद्धात सरकार याशला हलले, तेव्हा डिसेंबर 1916 मधल्या त्यांच्या संसदेतील भाषणाने खचलेल्या देशाला धीर दिला. युद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया वगैरे मिळून विस्तारलेल्या रुमानियाच्या पहिल्या लोकप्रतिनिधी सभागृहाचे ते 1919-20 मध्ये अध्यक्ष होते. त्यानंतरचे दशक आघाड्या जुळवण्यात आणि मोडण्यात गेले. ट्रान्सिल्व्हेनियाच्या नॅशनल पक्षाशी 1925 मध्ये झालेली सोयरीक फार काळ टिकली नाही.

जून 1930 मध्ये परागंदा राजपुत्र कारोल विमानाने परतला आणि गादीवर बसला. त्याला पक्षांची अडगळ नको होती. एप्रिल 1931 मध्ये मुत्सद्दी निकोलाए तितुलेस्कु यांना सर्वपक्षीय सरकार जमवता आले नाही, तेव्हा त्याने ‘पक्षातीत तज्ज्ञांचे’ सरकार योर्गांकडे सोपवले. कारोलला लहानपणी इतिहास शिकवणारे, त्याच्या परतण्याचे स्वागत करणारे आणि संघटना नसलेले असे हे गृहस्थ होते. राजाच्या दृष्टीने यातला तिसरा गुण सर्वांत मोलाचा. शिक्षणखाते योर्गांनी स्वतःकडे ठेवले. अर्थखाते कॉन्स्टंटिन आर्जेतोयानू यांच्याकडे गेले आणि सरकारची सूत्रेही बरीचशी तिकडेच गेली.

अडचण पैशाची होती. 1921 च्या जमीनसुधारणेने शेतकऱ्याला जमीन दिली, भांडवल दिले नाही. बैल, नांगर, बियाणे कर्जावर आले. 1929 नंतर धान्याचे भाव कोसळले, कर्जाचा आकडा मात्र तसाच राहिला. ऑक्टोबर 1931 मध्ये मार्मोरोश ब्लांक ही मोठी बँक बुडाली. सरकारी नोकरांचे पगार महिनोन्‌महिने थकले, आणि जानेवारी 1932 मध्ये पगारकपातीचा दुसरा फेरा आला. लोक तिला ‘त्यागाची वक्ररेषा’ म्हणत.

एप्रिल 1932 मध्ये शेतीकर्ज रूपांतराचा कायदा झाला. छोट्या शेतकऱ्याचे निम्मे कर्ज माफ, उरलेले दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी. हेतू रास्त होता, पण अर्धी वही बंद केली. निम्मे येणे बुडाल्यावर ठेवीदारांचे पैसे बँकांनी द्यायचे कुठून, याची तरतूद नव्हती. ठेवी काढायला रांगा लागल्या, नवे कर्ज मिळेना, आणि पेरणीला पैसा हवा असलेला शेतकरी पुन्हा खासगी सावकाराच्या दारात गेला. पुढच्या सरकारांना हा कायदा दुरुस्त करावा लागला, आणि 1934 मध्ये नव्याने करावा लागला.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी: अल्पसंख्याकांच्या कारभारासाठी उपमंत्री म्हणून त्यांनी ट्रान्सिल्व्हेनियातले जर्मन नेते रुडॉल्फ ब्रांड्श यांना घेतले.

परदेशी कर्ज मिळाले नाही, राजाने दुसरी चाचपणी सुरू केली, आणि मेअखेर योर्गांनी राजीनामा दिला. संसदेत त्यांचे बहुमत तेव्हाही शाबूत होते. ते कामाला आले नाही, कारण ते त्यांचे नव्हतेच.

1938 मध्ये कारोलने पक्षच बंद केले, तेव्हा योर्गा त्या हुकूमशाहीत मंत्री झाले. मार्चमध्ये आयर्न गार्ड या ज्यूविरोधी फॅसिस्ट संघटनेचा नेता कोद्रेआनू याने पत्र लिहून त्यांना अप्रामाणिक ठरवले. योर्गांनी फिर्याद केली. कोद्रेआनूला सहा महिन्यांची शिक्षा झाली, मग दुसऱ्या खटल्यात दहा वर्षांची, आणि नोव्हेंबरअखेर पहारेकऱ्यांनी त्याला ठार केले. फिर्याद योर्गांची, खून राज्यसत्तेचा. गार्डने हा फरक केला नाही.

जून 1940 मध्ये सोव्हिएत संघाने रुमानियाचा पूर्वेकडचा बेसारेबिया प्रांत मागितला, तेव्हा राजाच्या सल्लागार मंडळात तो देऊ नये म्हणणाऱ्या मोजक्यांत योर्गा होते. सप्टेंबरमध्ये कारोलने गादी सोडली आणि गार्ड सत्तेत आले. नोव्हेंबरच्या भूकंपात वलेनीच्या घराचे नुकसान झाले म्हणून योर्गा सिनायाला राहायला गेले होते. 27 नोव्हेंबरला गार्डच्या पथकाने त्यांना तिथून उचलले आणि स्ट्रेज्निकू गावाजवळ गोळ्या घातल्या. त्याच दिवशी त्याच मंडळींनी वर्जिल माद्जारू यांनाही मारले. ते नॅशनल पेझंट पक्षाचे माजी अर्थमंत्री, योर्गांच्या सरकारचे विरोधक.