जुन्या फोर बाय फोर जीपची दुरुस्ती आणि बदल: आरटीओची परवानगी कुठे लागते, कुठे मिळत नाही

महिंद्राची जुनी एमएम ५४०, क्लासिक, कमांडर किंवा मारुतीची जिप्सी घेतली की पहिला फोन मेकॅनिकला जातो. तो करताना आरसी बुक समोर उघडं असावं. डोंगरात चढवायची म्हणून गाडीवर लाखभर रुपये घालायचे आणि पासिंगच्या दिवशी आरटीओच्या निरीक्षकाने नुसती नकारार्थी मान हलवायची, हा प्रकार नवा नाही. बहुतेक वेळा चूक गॅरेजमध्ये झालेली नसते, ती त्याआधी कागद न वाचण्यात झालेली असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ इथे लागू होतं. आरसीवरचा तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरवलेला तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये, असं ते सांगतं. बदल म्हणजे काय, तेही तिथेच दिलं आहे: गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला फरक. काही राज्यांच्या नियमांचा आधार घेऊन लोक यातून वाट काढत असत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ती वाट अडवली. राज्याचे नियम कलम ५२ च्या चौकटीतच वाचायचे, हा त्या निकालाचा गाभा. म्हणून ‘अमुक राज्यात चालतं’ असं कुणी सांगितलं तर ते सोडून द्यावं.

आता आरसी वाचा. त्यावर बॉडीचा प्रकार, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सिलिंडरची संख्या, चेसिस नंबर, इंजिन नंबर, अश्वशक्ती, सीसी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), आसनसंख्या, इंधन, रंग आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं. यातल्या कुठल्याही रकान्याला हात लागला की विषय आरटीओचा झाला. मागचे दोन बाक काढून तिथे जेरीकॅन आणि हत्यारांची पेटी बसवली तर आसनसंख्या बदलली. जाड लोखंडी बंपर, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा सांगाडा), विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) आणि छपरावरचा रॅक एकत्र धरले तर वजनाचा रकाना खोटा ठरतो. लाल जीपला लष्करी हिरवा मारला तर रंगाचा.

परवानगीशिवाय काय करता येतं

बरंच काही, आणि माझ्या मते जुन्या गाडीला खरी गरज त्याचीच असते. मूळ मापाचे पाटे (लीफ स्प्रिंग) नव्याने भरून घेणं, शॅकलचे बुश, किंगपिनच्या बेअरिंगा, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, ट्रान्स्फर केसमधले सील आणि बेअरिंग, बंद पडलेले लॉकिंग हब, स्टिअरिंग बॉक्समधला खेळ, ब्रेकचे व्हील सिलिंडर, रेडिएटरची जाळी: हे सगळं दुरुस्तीत मोडतं. मूळ पद्धतीचाच भाग बसवता आहात, त्यामुळे आरसीवरचं अक्षरही बदलत नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या जीपचा पुढचा एक्सल नीट पकडत नसेल तर उंची वाढवून उपयोग नाही. आणि पुढचा एक्सल पकडू लागला की उंची वाढवायची गरज अनेकांना उरत नाही.

तरी बिलं ठेवा. पासिंगला किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी ‘हा भाग मूळ मापाचाच आहे’ हे बिलावरून दाखवता येतं.

नकार कशाला मिळतो

पुढच्या बाजूचे बुलबार आणि क्रॅश गार्ड यांवर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कारवाई करायला सांगितलं, आणि तेही कलम ५२ चाच हवाला देऊन. समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १११ आडवा येतो. अपवादात्मक परिस्थितीत आणि आधी परवानगी घेऊनच तो लावता येतो. बोनेटवर एलईडीची लांब पट्टी लावून हायवेला फिरणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

चेसिस कापून व्हीलबेस कमी-जास्त करणं किंवा दोन गाड्यांच्या चेसिस जोडून एक गाडी करणं यांना परवानगीचा अर्जच नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी तयार होणाऱ्या उघड्या जीपा दिसायला देखण्या असतात, पण त्या घेताना चेसिस नंबर कुठल्या गाडीचा, इंजिन कुठल्या गाडीचं आणि आरसी तिसऱ्याच कुठल्या गाडीची आहे का, हे आधी तपासा.

टायरबाबत गोंधळ जास्त आहे. खासगी गाडीच्या आरसीवर टायरचं माप नसतं, म्हणून हवं ते घालता येतं असा समज पसरला आहे. निर्मात्याने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या मापांत राहिलात तर वाद होत नाही. चाक मडगार्डच्या बाहेर आलं, पूर्ण वळवल्यावर पाट्याला घासू लागलं, की निरीक्षक थांबवणारच. टायर मोठा झाला की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि जुन्या ड्रम ब्रेकवरचा ताण वाढतो, तेव्हा त्याच्या थांबवण्याला अर्थही आहे.

दंड आता किरकोळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात घ्या.

इंजिन बदलायचं असेल तर

इथे कायदा वाट देतो, पण क्रम पाळावा लागतो. आधी अर्ज आणि मंजुरी, नंतर काम, मग तपासणी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर. बदल झाल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवणं कलम ५२ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, तेवढ्याच सीसीचं आणि त्याच इंधनावरचं इंजिन असेल तर काम सरळ होतं. जिप्सीत मोठं पेट्रोल इंजिन किंवा जुन्या डिझेल जीपमध्ये नवं कॉमन रेल इंजिन बसवायची हौस खूप जणांना असते. तिथे सीसी, अश्वशक्ती असे अनेक रकाने एकदम बदलतात आणि मंजुरीची आशा धरू नये.

अर्जासोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, इंजिनचं बिल, चेसिस आणि इंजिन नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा), ओळख व पत्त्याचा पुरावा लागतो. इंजिन वापरलेलं असेल तर ते ज्या गाडीतून काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागितला जातो. चोरीच्या गाडीचं इंजिन नाही ना, हे पाहण्यासाठीच तो असतो. भंगारवाला हा कागद देत नसेल तर इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती आधी घ्या. अर्ज परिवहन पोर्टलवर भरता येतो, पण गाडी तपासणीला न्यावीच लागते.

इंधन बदलून सीएनजी किंवा बॅटरीवर जायचं असेल तर वाट वेगळी: मंजुरी मिळालेलं किटच, आणि तेही अधिकृत ठिकाणीच बसवलेलं.

पंधरा वर्षांनंतरचं पासिंग

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत. चारचाकीला शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ते १०,००० झालं, आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. उशीर केला तर दरमहा ५०० रुपये वेगळे. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाडीची पीयूसी सहाच महिने चालते, तारीख बघूनच तपासणीची वेळ घ्या.

आत जाण्यापूर्वी फ्रेमवरचा चेसिस नंबर तारेच्या ब्रशने साफ करून ठेवा. जुन्या जीपांमध्ये तो गंजाखाली किंवा रंगाच्या चार थरांखाली दडलेला असतो. प्रिंट उमटला नाही तर फाईल तिथेच थांबते. वाचताच येत नसेल तर पुन्हा ठोकण्याची परवानगी आरटीओकडूनच घ्यायची. मेकॅनिकने स्वतः ठोकलेला नंबर पाहून निरीक्षकाला शंका आली तर ती दूर करणं फार कठीण जातं.

घेण्याआधी

दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ मधला ना हरकत दाखला, हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवणार असाल तर फॉर्म २७ वर नवा नंबर. लष्कराच्या लिलावातली जीप फॉर्म २० वर नोंदवली जाते आणि तिला लष्करी अधिकाऱ्यांचा मूळ विक्री दाखला फॉर्म २१ मध्ये लागतो. त्याची झेरॉक्स चालत नाही. सरकारी खात्यांच्या जुन्या जिप्सींबाबत मात्र जपा: १ एप्रिल २०२३ पासून नियम ५२अ प्रमाणे १५ वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी चालू राहत नाही, तिची जागा अधिकृत भंगार केंद्रात. मोजके अपवाद सोडले तर अशी गाडी तुमच्या नावावर होणार नाही.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी विलिस किंवा सीजे ३बी असेल तर २०२१ च्या नियमांतली व्हिंटेज नोंदणी मिळू शकते: २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कारणांपलीकडे ती रस्त्यावर आणता येत नाही. उंच पाटे आणि विंच बसवायचे असतील तर हा मार्ग तुमचा नाही.

विमा आणि ट्रॅक

‘मी फक्त ट्रॅकवर चालवतो, नोंदणीशी माझं काय?’ असं बरेच जण विचारतात. कलम ३९ नोंदणी सार्वजनिक ठिकाणी मागतं आणि पुढे ‘इतर कोणत्याही ठिकाणी’ असंही म्हणतं, त्यामुळे खासगी माळरानाची सबब चालत नाही. अभयारण्यात शिरायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी वेगळीच. खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांना संरक्षण नसतं. स्पर्धेला नाव देण्याआधी ते पान वाचा, आणि गाडीवर केलेला प्रत्येक मंजूर बदल विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर त्याची नोंद करून घ्या.