१९४८चा ब्रिटन : बोट, दवाखाना आणि रेशनकार्ड

२२ जून १९४८ या एकाच तारखेला ब्रिटनमध्ये दोन गोष्टी घडल्या. लंडनजवळच्या टिलबरी बंदरात आदल्या दिवशी जमैकाहून येऊन पोहोचलेल्या ‘एम्पायर विंडरश’ या आगबोटीचे प्रवासी धक्क्यावर उतरले. आणि त्याच दिवशीच्या राजघोषणेने सहाव्या जॉर्जच्या बिरुदावलीतून ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हे शब्द वगळले गेले. हा मेळ कुणी ठरवून घातलेला नव्हता. तरीही आजचा ब्रिटन स्वतःविषयी बोलताना त्या वर्षाकडे पुन्हा पुन्हा का वळतो, हे समजून घेण्यासाठी या तारखेइतकी चांगली जागा दुसरी नाही.

युद्ध जिंकून तीन वर्षे झाली होती, पण देश कर्जात बुडालेला होता आणि १९४७च्या भीषण हिवाळ्याने कोळशाअभावी कारखानेसुद्धा बंद पाडले होते. महायुद्ध चालू असताना ज्या पावावर कधी रेशन नव्हते, त्या पावावर शांततेच्या काळात, जुलै १९४६ मध्ये, रेशन आले आणि ते उठायला जुलै १९४८ उजाडावे लागले. लोणी, साखर, मांस, कपडे हे सारे अजून कूपनांवरच मिळत होते. रेशन पूर्णपणे संपले ते १९५४ मध्ये. १९४८च्या जूननंतरच्या दोन महिन्यांत जे घडले ते सुबत्तेच्या काळातले नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची मुळे १९४२च्या बेव्हरिज अहवालात आहेत. आजार, बेकारी आणि म्हातारपण यांच्यासाठी सर्व नागरिकांना विम्याचे कवच मिळावे, हा विचार त्या अहवालाने युद्धाच्या ऐन धामधुमीत मांडला आणि तो अहवाल विकत घेण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. १९४५ मध्ये प्रचंड बहुमताने आलेल्या मजूर सरकारात आरोग्य खाते मिळाले ॲन्युरिन बेव्हन यांना. वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावात जन्मलेले बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरलेले होते. त्यांच्या गावात कामगार पगारातून वर्गणी कापून देत आणि त्यातून सगळ्या कुटुंबाचे औषधपाणी होई. तीच व्यवस्था त्यांना देशभर न्यायची होती. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. फेब्रुवारी १९४८च्या मतदानात बहुसंख्य डॉक्टरांनी योजनेविरुद्ध कौल दिला. बेव्हन यांनी तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी रुग्ण पाहण्याची मुभा ठेवली, इतर डॉक्टरांना पगारी नोकर करणार नाही अशी हमी दिली आणि ५ जुलैला सेवा सुरू करून दाखवली. त्या दिवशी मँचेस्टरजवळच्या पार्क रुग्णालयात त्यांचे स्वागत झाले आणि तिथल्या पहिल्या रुग्णाची, एका तेरा वर्षांच्या मुलीची, त्यांनी खाटेपाशी जाऊन विचारपूस केली.

या सेवेने नेमके काय बदलले, ते चष्म्यावरून कळते. तोवर अनेक गरीब माणसे वूलवर्थच्या दुकानात जात, तिथल्या तबकातले तयार चष्मे एकामागून एक डोळ्यांवर लावून पाहत आणि ज्यातून अक्षर बरे दिसेल तो विकत घेऊन घरी येत. आता डोळे तपासून चष्मा फुकट मिळू लागला, तेव्हा वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली गरज एकदम बाहेर आली. खर्चाचे अंदाज कोलमडले. १९५१ मध्ये चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावण्याचे ठरले, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

विंडरश ही मुळात जर्मन बोट, युद्धानंतर ब्रिटनच्या ताब्यात आलेली. किंग्स्टनहून परतताना तिच्यात जागा रिकामी होती, म्हणून जमैकाच्या वृत्तपत्रात २८ पौंड भाड्याची जाहिरात आली. हे प्रवासी ब्रिटन आणि वसाहतींना एकच नागरिकत्व देणाऱ्या नव्या कायद्यामुळे आले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. तो कायदा जुलैअखेर संमत होऊन १ जानेवारी १९४९ला अंमलात आला. आलेली माणसे आधीपासूनच ब्रिटिश प्रजाजन होती, त्यांतले कित्येक ब्रिटनच्या सैन्यात लढलेले होते आणि आपण परक्या देशात चाललो आहोत असे त्यांच्या मनातही नव्हते. तरीही ज्या दिवशी ते उतरले त्याच दिवशी अकरा खासदारांनी पंतप्रधान ॲटली यांना पत्र लिहून अशा आगमनाला आळा घालण्याची मागणी केली. ज्यांना राहायला जागा नव्हती त्यांची सोय क्लॅपम साउथ येथे, हवाई हल्ल्यांच्या काळात खणलेल्या भुयारी निवाऱ्यात केली गेली. तिथून जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनला होते. माणसे काम शोधायला तिकडे गेली, आसपास खोल्या भाड्याने घेतल्या, आणि ब्रिक्स्टन कॅरिबियन लोकांची वस्ती म्हणून ओळखले जाऊ लागले.

जुलैअखेरीस लंडनमध्ये ऑलिंपिक झाले. नवे क्रीडानगर बांधण्याइतका पैसा नव्हता. खेळाडूंना हवाई दलाच्या छावण्यांत आणि महाविद्यालयांत उतरवले गेले आणि टॉवेल घरून आणा असे सांगितले गेले. वेम्ब्लीवर १२ ऑगस्टला भारताने यजमान ब्रिटनला हॉकीत ४–० असे हरवून स्वतंत्र देश म्हणून पहिले सुवर्णपदक मिळवले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच स्पर्धेत कुस्तीच्या फ्लायवेट गटात सहावे आले. हेलसिंकीचे कांस्यपदक चार वर्षे पुढे होते.

नव्या आरोग्य सेवेच्या रुग्णालयांना परिचारिका आणि कामगार पुरेनात, तेव्हा कॅरिबियन बेटांवर भरती सुरू झाली. पुढे भारतातून डॉक्टर गेले, त्यांत मराठी डॉक्टरही होते. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात विंडरश आणि आरोग्य सेवा या दोहोंना मानाचे स्थान मिळाले. मात्र त्याच्या दोनच वर्षे आधी जुन्या कॅरिबियन प्रवाशांच्या आगमनाची नोंदपत्रे गृहखात्याने नष्ट केली होती. कागदांअभावी अनेकांना इथे राहण्याचा हक्क सिद्ध करता येत नव्हता. २०१८ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा लहानपणी आईबापांबरोबर येऊन सारे आयुष्य ब्रिटनमध्ये काढलेल्यांपैकी कुणाची नोकरी गेलेली होती, कुणाला देशाबाहेर काढले गेले होते, आणि काहींना त्याच आरोग्य सेवेने, मोफत उपचार हवे असतील तर आधी इथले असल्याचे कागद दाखवा, असे सांगितले होते.